थ्रॅमिटची कोंबडी

एझ्रा हार्कर भिंती रचायचा. आमच्या खोऱ्यात शेताच्या भिंतीला चुना लागत नाही, सिमेंट लागत नाही. दगडावर दगड बसतो आणि दोनशे वर्षं मेंढरं अडवतो. एझ्रानं रचलेली एकही भिंत अजून ढासळलेली नाही. पण आमच्या हॅगथ्वेट गावात त्याचं नाव भिंतींमुळं नव्हतं, शब्दांमुळं होतं.

एकदा मी ओढ्यातल्या शेवाळल्या दगडावरून घसरलो आणि कंबर धरून पाण्यात बसलो. एझ्रा वरच्या बांधावर काम करत होता. तो शांतपणे खाली आला. हात देईल म्हणून मी हात पुढं केला, तर हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "असल्या निसरड्याला स्लेप म्हणत्यात. व्हायकिंग लोकांचा शब्द. होड्यांतून उतरले आन् पयल्या दिवशी पडले आसतील, म्हणून लगीच शब्द लागला त्यांना."

"आधी मला काढ."

"काढतो की. शब्द आत्ता बसलाय तुझ्या डोस्क्यात, म्हणून सांगितला."

त्याची बायको मर्सी म्हणायची, "ह्याच्या पोटात कळ आली तर आधी कळ ह्या शब्दाचा आजा कोण ते सांगंल, मग म्हणंल डॉक्टरला बोलवा."

तो सांगायचा त्यातलं निम्मं खरं असायचं. बापाकडून, आज्याकडून आलेलं, आणि थोडं चॅपलच्या कपाटातल्या जाड कोशातून उचललेलं. थंडीनं दातावर दात वाजणाऱ्या माणसाला आम्ही नायदर्ड म्हणतो, हट्टानं वाद घालण्याला थ्रीप म्हणतो. हे सगळं तो बरोबर सांगायचा. उरलेलं निम्मं तो जागच्या जागी तयार करायचा, आणि तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलू द्यायचा नाही. ह्यात त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडं उपऱ्या माणसानं वाट विचारली तर वाट खरी सांगतात. दुसरं काही विचारलं तर सांगणाऱ्याची मर्जी. सरळ चेहऱ्यानं उपऱ्याच्या गळ्यात काहीतरी बांधून देणं ह्याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही. हा आमच्या हिवाळ्यातला उद्योग आहे.

चौतीस साली गावच्या चर्चला सिल्कॉक्स नावाचे पाद्रीसाहेब आले. दक्षिणेकडचे, सायकलवाले, मानेनं लांब. त्यांना जुन्या शब्दांचं वेड. वही काढून दारोदार फिरायचे आणि "तुमच्यात ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात" विचारायचे. लोक दारं लावून घ्यायला लागले. मग कुणीतरी त्यांना एझ्राकडं धाडलं. एझ्रा तेव्हा एकतीस वर्षांचा, नवी नवी बायको, आणि मर्सीनं तंबाखूवर लगाम घातलेला. पाद्रीसाहेबांनी दहा शब्दांमागं एक पुडी द्यायचं कबूल केलं.

पहिले दोन आठवडे एझ्रानं इमानानं खरे शब्द दिले. पण एका खोऱ्यात खरे शब्द असून असून असणार किती. तिसऱ्या आठवड्यात ते आटले आणि पाद्रीसाहेबांच्या खिशातली तंबाखू तर तशीच होती. भिंत रचणाऱ्याला मापाचा दगड सापडला नाही तर तो दुसरा तासून बसवतो. एझ्रानं तेच केलं. त्यातून तो पडला चॅपलवाला मेथडिस्ट, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्या पंथातला. चर्चच्या पाद्र्याला थापा मारणं हे चॅपलवाल्यांच्या हिशेबी अर्धंच पाप धरतात.

अशाच एका पावसाळी दुपारी त्यानं थ्रॅमिट हा शब्द जन्माला घातला. पाद्रीसाहेबांनी विचारलं होतं, वरच्या माळावरून पीट काढता त्याबद्दल मोठ्या घराला काही देत होता का पूर्वी. पीट म्हणजे आमच्या माळावरची काळी, तंतूतंतूची जळाऊ माती. ती कापायची, वाळवायची आणि वर्षभर चुलीत घालायची. मोठं घर म्हणजे हॉल, तिथले साहेब माळाचे मालक. एझ्रानं छताकडं बघितलं आणि म्हणाला, "द्यायचे की. थ्रॅमिट द्यायचे. दर घरटी एक कोंबडी, शरदात. पीट काढायची परवानगी म्हणून."

"थ्रॅमिट," पाद्रीसाहेब लिहीत म्हणाले. "मूळ काय असावं?"

"व्हायकिंग. थ्राम म्हंजे कोंबडीचा पाय. मिट म्हंजे हातात देणं. पाय धरून द्यायची ना."

पाद्रीसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पुडीची दीड पुडी केली. पुढं त्यांनी दोनशे सहा शब्दांचं एक चोपडं छापलं. त्यात थ्रॅमिटला त्यांनी स्वतः डेन्मार्कमधला एक चुलतभाऊसुद्धा शोधून दिला होता. चोपड्यात एझ्राचं नाव एकसष्ट वेळा होतं. पाद्रीसाहेब बदलून गेले, वारले. चोपडं एझ्राच्या कपड्यांच्या पेटीत बायबलच्या अंगाला अंग लावून राहिलं. पाहुणा आला की बायबल आत राहायचं आणि चोपडं बाहेर यायचं.

मग अडुसष्ट साली सरकारचा कागद आला. गायरानावर, माळावर ज्याचा जो हक्क असेल तो नोंदवा, नाहीतर कायमचा गेला. कागदावरचे शब्द वाचून आमची अकराही घरं गार पडली. टर्बरी, एस्टोव्हर्स, पॅनेज. सगळे एझ्राच्या स्वयंपाकघरात जमलो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी एझ्रानं एकही थाप मारली नाही.

"टर्बरी म्हंजे आपली पीट काढायची वहिवाट," तो म्हणाला. "टर्फ म्हंजे गवताचं ढेकूळ, त्याचंच हे कोर्टातलं नाव. एस्टोव्हर्स हा राजाच्या दरबारातल्या फ्रेंचांचा शब्द. गरजंपुरतं लागंल तेवढं. नेचे कापून जनावराखाली घालतो ना, ते त्यात बसतंय."

"आन् पॅनेज?" वरच्या आळीच्या जोसायानं विचारलं.

"ओकच्या झाडाखाली पडल्याली फळं खायाला डुकरं सोडायचा हक्क."

"मग त्योबी लिव्ह."

"आरं, माळावर ओकचं झाड कुटंय? आन् तुझ्याकडं डुक्कर हाय का?"

"न्हाई. पण फुकाट मिळतंय तर सोडायचं कशाला?"

मर्सी चहा ओतत होती. ती म्हणाली, "लिव्ह रं त्याचं. पुढंमागं डुक्कर न्हाई आलं तर जोसाया सोताच जाईल." पॅनेज लिहिला नाही. टर्बरी आणि एस्टोव्हर्स लिहिलं, अकरा सह्या झाल्या, कागद गेला.

हॉलच्या नव्या साहेबांना माळ शिकारीच्या पाखरांसाठी मोकळा हवा होता. पीट खणणारी माणसं, ती ओढून आणायच्या बिनचाकी स्लेजा, कुत्री त्यांना नको होती. त्यांनी टर्बरीला हरकत घेतली. सरकारी काम सरकारी चालीनं चालतं, त्यामुळं सुनावणीची तारीख लागली ती चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये, गावच्या शाळेत. तोवर आमच्यातली म्हातारी माणसं एकेक करून गेली होती. आज्याबरोबर माळावर पीट काढलेला, जुनं बघितलेला साक्षीदार एकच उरला होता. एझ्रा, वय वर्षं एकाहत्तर. तो उभा राहिला तर आमचा हक्क राहणार होता. हक्क गेला तर पुढच्या हिवाळ्यापासून विकतचा कोळसा, आणि तो अकरा घरांतल्या निम्म्यांच्या आवाक्याबाहेरचा.

सुनावणीच्या आठ दिवस आधी हॉलच्या वकिलांकडून त्यांच्या पुराव्याची यादी आली. मी त्या वेळी एझ्राच्या घरात दाराचं बिजागर बसवत होतो. माझं सुतारकामाचं दुकान त्याच्या भिंतीला लागूनच आहे. एझ्रानं चष्मा लावून यादी वाचली, घडी घातली, उलगडली, परत वाचली. आणि गप्प बसला.

मर्सीनं लाटणं खाली ठेवलं. "काय झालं? तू गप हाईस. कोण मेलं?"

"कोण न्हाई."

"मग?"

"पुरावा क्रमांक सात," एझ्रा म्हणाला. "सिल्कॉक्स सायबाचं चोपडं. पान एकतीस."

मर्सीला वाचायची गरज नव्हती. चाळीस वर्षं पाहुण्यांसमोर ते चोपडं वाचून दाखवलेलं तिनं ऐकलं होतं. ती हळूच खुर्चीवर टेकली. "कोंबडी," ती म्हणाली.

"कोंबडी."

मला काही कळेना. मग एझ्रानं सांगितलं. हॉलच्या वकिलाचं म्हणणं असं, की गावकरी दर वर्षी कोंबडी देऊन परवानगी मागत होते. जी गोष्ट परवानगी मागून करतात तो हक्क होत नाही. परवानगी देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो.

"पण कोंबडी कोण देत व्हतं?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. ती मी दिली. त्या पाद्र्याला. दीड पुडी तंबाखूला."

"मग जाऊन तसं सांग," मर्सी म्हणाली.

"सांगू? भर शाळंत? की मी शब्द घडवले म्हणून? मग इचारतील, कितीक घडवले? आन् खोट्या माणसाची साक्ष कोण धरतंय? टर्बरीबी त्येनंच घडवली म्हणतील." तो उठला, बसला. "असं सांगतो, कोंबडी द्यायचे, पण मायेनं. परवानगी म्हणून न्हाई. सणाला देत्यात तशी."

"म्हंजे एका कोंबडीवर दुसरी कोंबडी बसवणार तू."

"तू थ्रीप करू नगंस."

"मी न्हाई करत. मला कोळशाच्या गाडीवाल्याबरोबर करायची हाय पुढच्या साली, त्याला दम राखून ठिवलाय."

पुढचे आठ दिवस एझ्रा गावात दिसला तर तोंड मिटून दिसला. दुकानात, चॅपलच्या पायरीवर लोक मुद्दाम त्याला शब्द विचारायचे, चावी देऊन बघावं तसे. तो मान हलवून पुढं जायचा. आतली गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हती, त्यामुळं लोकांना वाटलं म्हातारा साक्षीची तयारी करतोय. 

सुनावणीचे साहेब सर्दीनं बेजार झालेले, साठीचे गृहस्थ होते. पोरांच्या बुटक्या बाकांवर गाव गुडघे हनुवटीला लावून बसलं होतं. हॉलचे वकील ट्रेव्हिल म्हणून, लंडनकडचे, आवाज मऊ. त्यांनी एझ्राला साक्षीला घेतलं. एझ्राची कॉलर मर्सीनं इतकी कडक केली होती की त्याला मान वळवायची तर खांदेही वळवावे लागत होते.

"मिस्टर हार्कर, हे पुस्तक आपल्याला माहीत आहे?"

"व्हय."

"ह्यात आपलं नाव एकसष्ट वेळा आलं आहे. आपण ह्या खोऱ्याच्या शब्दांचे जाणकार आहात असं प्रस्तावनेत म्हटलंय."

बाकांवर कौतुकाची हालचाल झाली. एझ्राची कॉलर थोडी वर गेली. मला वाटलं, संपलं, आता हा फुगला.

"पान एकतीस. थ्रॅमिट. माळावर पीट काढण्याच्या परवानगीबद्दल हॉलला दर घरटी एक कोंबडी. हे आपणच सांगितलं होतं?"

"मीच सांगितलं व्हतं."

"धन्यवाद. म्हणजे परवानगी घेतली जात होती."

एझ्रानं तोंड उघडलं. मला दिसत होतं, मायेची कोंबडी त्याच्या ओठापर्यंत आली होती. त्यानं पहिल्या बाकाकडं खांद्यासकट वळून बघितलं.  मर्सीनं नुसती मांडीवरची पर्स उघडली, आत बघितलं आणि बंद केली. कोळशाच्या गाडीवाल्याला द्यायला आत काय आहे ते बघावं तशी.

"सायेब," एझ्रा सुनावणीच्या साहेबांकडं वळून म्हणाला, "त्यो शब्द खोटा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मी घडवला. पाऊस पडत व्हता आन् पाद्रीसायबांकडं तंबाखू व्हती. तसली कोंबडी कुणी कधी दिली न्हाई. आमी कोंबड्या खातो."

 मग जोसाया मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे थ्रॅमिट न्हाई? आरं, माझी आय म्हणायची की त्यो शब्द."

"तुझ्या आयला मीच सांगितला व्हता," एझ्रा म्हणाला. "गप बस."

साहेब शिंकले. ट्रेव्हिलांचा आवाज आणखी मऊ झाला. "एकसष्टपैकी असे किती शब्द आपण घडवलेत, मिस्टर हार्कर?"

"मोजलं न्हाई. तिसऱ्या आठवड्यापासनं पुढचे."

गाव हसलं नाही. ते हसलं असतं तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं ज्यांना त्यानं शब्द दिले ते सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या जवळचे शब्द उलटेपालटे करून बघत होता, खरे की खोटे.

"तर मग," ट्रेव्हिल सुनावणीच्या साहेबांकडं वळून म्हणाले, "ज्या साक्षीदारानं खोट्या माहितीचं पुस्तक छापू दिलं, त्याच्या टर्बरीवर आणि आजोबांच्या आठवणींवर किती भरवसा ठेवायचा, हे मी आपल्यावर सोडतो."

साहेबांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला. "मिस्टर हार्कर, पुस्तक राहू द्या. तुम्ही पीट कशी काढता ते सांगा. आजोबांबरोबर पहिल्यांदा गेलात तिथपासून."

एझ्रा जरा अडखळला. मग सुरू झाला. मे महिन्यात आपापल्या घराचा खड्डा ठरलेला असतो. हार्करांचा खड्डा उंच सुळक्याच्या पूर्वेला, जोसायाच्या घराचा त्याला लागून, मध्ये एक हात माती सोडायची. वरचं गवत फ्लॉटरनं सोलायचं, ती रुंद कुदळ मांडीनं रेटायची, त्यासाठी आजा मांडीवर कातडं बांधायचा. सोललेलं गवत फेकायचं नाही, मागच्या वर्षीच्या खड्ड्यात हिरवी बाजू वर करून बसवायचं, नाहीतर मेंढरं पुढच्या साली काय खाणार. मग काळ्या मातीच्या विटा काढायच्या. ओल्या विटा लोण्यासारख्या, एकानं कापायच्या, एकीनं झेलायच्या. आठवडाभर आडव्या. वारं लागलं की उभ्या. मग पाच-पाच, सहा-सहाच्या रिकल, म्हणजे लहान ढिगल्या लावायच्या, आत हवा खेळेल अशा. बोलता बोलता त्याचे हात हवेत विटा लावायला लागले. पहिल्या बाकावर मर्सीचे हात पर्सवर झेलत होते, तिला त्याचा पत्ता नव्हता.

"हॉलला कधी विचारलं?"

"न्हाई. इचारायचं आसतं हेच कुणाला ठावं नव्हतं. रखवालदार येऊन आमच्याबरोबर चहा प्यायचा. त्याच्या घराचाबी खड्डा व्हता की."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "रिकल. हा शब्द कुठून आला?"

सगळी शाळा पुढं झुकली. ट्रेव्हिलही. एझ्राच्या चेहऱ्यावरून काहीतरी येऊन गेलं. मी शपथेवर सांगतो, त्याच्या डोळ्यांसमोरून व्हायकिंगांची एक अख्खी होडी गेली.

"ठावं न्हाई," तो म्हणाला.

"अंदाज?"

"न्हाई सायेब. आजा म्हणायचा, म्हणून बाप म्हणायचा, म्हणून मी म्हणतो. त्याच्या आधीचं मला ठावं न्हाई."

साहेबांनी पुरावा क्रमांक सात पुढं ओढला. मग म्हणाले, "ह्या पुस्तकाची एक प्रत मला उद्या दुपारपर्यंत हवी. तुम्ही घडवलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं फुली मारून. तुमच्या सहीनिशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एझ्राच्या घरी गेलो तर टेबलावर चोपडं, पेन्सिल, आणि दोघं समोरासमोर. मर्सी रागावलेली.

"त्यावर फुली मारू नगंस. माझी आजी म्हणायची."

"तुझ्या आजीचा न्हाई, माझा हाय. मी चुलीपुढं बसून केला."

"तुझा? आरं, आजी मेली तवा तू माझ्या घरचं दार बघितलं नव्हतं."

"मग तिनं माझ्याआधीच केला आसंल," एझ्रा हताश होऊन म्हणाला.

दुपारपर्यंत एकोणतीस फुल्या झाल्या. सात शब्दांपुढं त्यानं काहीच केलं नाही, नुसतं समासात लिहिलं: आठवत नाही. ते लिहिताना त्याला जास्त त्रास झाला. प्रत्येक फुली मारताना तो शब्द एकदा हळू आवाजात म्हणायचा आणि मग पेन्सिल फिरवायचा. प्रत मीच सायकलवरून पोहोचवली.

निकाल सहा आठवड्यांनी आला. टर्बरी अकरा घरांना कायम. एस्टोव्हर्सही. कारणांत असं लिहिलं होतं, की ज्या साक्षीदारानं आपल्याच नावाविरुद्ध एकोणतीस वेळा सही केली, त्याच्या उरलेल्या शब्दावर विश्वास न ठेवायला कारण दिसत नाही.

गावानं एझ्राला चहा पाजला, केक खाऊ घातला, पाठ थोपटली. पण शब्द विचारायचं बंद झालं. कुणी रागावलं नव्हतं. लोकांना नुसती सवय मोडल्यासारखं झालं होतं. त्यालाही सांगायचं होईना. भिंत रचायचा आणि घरी जायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही माळावर गेलो. अकराही घरं. वारा सुसाट, मेंढरं लांब. एझ्रा कापत होता, मर्सी झेलून मांडत होती. माझा खड्डा त्यांच्या दुसऱ्या अंगाला, त्यामुळं सगळं ऐकू यायचं, पण ऐकायला काही नव्हतं. सकाळपासून दोन तास म्हातारा मुका.

शेवटी मर्सीनं कंबर सरळ केली. मागच्या महिन्यात हाताला सराव व्हावा म्हणून कापून वाळवलेल्या पाच विटांची रिकल तिनं लावली होती, तिच्याकडं बोट करून म्हणाली, "हिला रिकल का म्हणत्यात?"

"ठावं न्हाई. सांगितलं की सायबाला."

"सायबाला सांगितलं ते झालं. सायेब गेला. इथं आपलीच माणसं हाईत." तिनं पुढची ओली वीट घ्यायला हात पसरले. "दुपारच्या भाकरीला आजून दोन तास हाईत, म्हाताऱ्या. घडव काहीतरी."

एझ्रानं कुदळ मातीत रोवली, दांड्यावर हनुवटी टेकवली आणि क्षितिजाकडं बघितलं.

"तर व्हायकिंगांचा एक सरदार व्हता," तो म्हणाला. "रिक म्हणून."